अक्का, तुझे हात उघडेच ठेवले

अक्का, तुझ्या पायावर डोकं ठेवायला बायकांची रांग लागली होती. पार गल्लीच्या तोंडापर्यंत. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. ज्या बायका तुझ्या हातचं कुंकू घेताना मान मागं घ्यायच्या, तू पुढं केलेला पाण्याचा तांब्या 'आत्ताच पिऊन आले की' म्हणून तसाच ठेवायच्या, त्याच बायका त्या दुपारी अंघोळी करून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. का, तर सवाष्ण गेली. नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू यायच्या आधी राग आला. काल तुझा दहावा झाला, तरी तो राग गेलेला नाही. घालवायचाही नाही.

सगळे मला म्हणतात, सुलोचना, आता शांत हो. मशीनवर बस, कामात मन गुंतव. बसले की मशीनवर. पण समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तू नाहीस. शिवण घालताना मला आडवे प्रश्न विचारणारं कुणी नाही, आणि मी विचारलेल्या आडव्या प्रश्नांना उत्तरं देणारंही नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. तू कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी, मी ब्लाऊज शिवणारी. माझ्या ऱ्हस्वदीर्घाला हसू नकोस.

आपल्याला एकत्र आणलं ते कातडीनं. सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या बाकावर आपण शेजारी बसलो होतो. नवरा गेल्यावर मंद्रूपहून मशीन घेऊन मी सोलापुरात नुकतीच आले होते. लहानपणापासूनचं इसब. मनगटं आणि कोपराच्या खळग्या ओल्या झालेल्या, त्या पदराखाली लपवून बसले होते. तू वाकून बघितलंस. ओळख ना पाळख, सरळ विचारलंस, "खाजतं का दुखतं?"

"खाजतं," मी म्हणाले.

"माझं सोलतं. बदलायचं का?"

मी घाबरून तुझ्याकडं बघितलं. तुझ्या हातांवर, कोपरांवर लाल चट्टे आणि त्यांवर चांदीसारखे पापुद्रे. सोरायसिस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी शिवणकाम करते म्हटल्यावर तू लगेच म्हणालीस, "मग मला पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून दे की. मनगटापर्यंत. काही दिसायला नको." सोलापूरच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या! हसणार होते, पण माझ्याही मनगटापर्यंतच होत्या.

त्या पहिल्या ब्लाऊजची गंमत आठवते ना? तू अंगाचं माप घेऊ देईनास. जुना ब्लाऊज आणून दिलास आणि म्हणालीस, यावरून शीव. बायका मापाचा ब्लाऊज देतात, त्यात नवं काही नाही. पण तो किती जुना आहे हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मधल्या काळात तुझे दंड भरले होते. तो नवा ब्लाऊज काखेत असा आवळला की पंधरवड्यात तू माझ्या दारात. चिडून नव्हे, हसत. आत आलीस, दार लोटलंस आणि खांदा उघडा करून दाखवलास. काखेभोवती जिथं माझी शिवण होती, बरोबर तिथंच नवा लाल पट्टा उठला होता. टीप मारल्यासारखा सरळ.

मी तर लगेच उसवायला कात्री शोधायला लागले. तू मात्र खुर्चीत बसून मला शिकवायला लागलीस. "बघ सुले, कातडीला घासलं, ओरखडा पडला की तिथल्या पेशी आपली हत्यारं बाहेर काढतात. बारीक बारीक प्रथिनं असतात ती. पेप्टाइड म्हणतात. जंतू दिसला की त्याच्या पांघरुणाला जाऊन चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. डॉक्टर नको, गोळी नको. जन्मापासून आपल्याजवळ असतंय हे."

"सुईसारखं?"

"सुईसारखंच. पण दोरा नसलेली सुई. टाका घालत नाही, नुसतीच भोकं."

ते मला लगेच पटलं. मग तू पुढचं सांगितलंस. घासलेल्या जागी पेशी फुटतात. फुटलेल्या पेशीतला आपलाच डीएनए बाहेर सांडतो. एरवी शरीर त्याच्याकडं लक्ष देत नाही. पण यातलं एक पेप्टाइड, कॅथेलिसिडिन का काय त्याचं नाव, त्या डीएनएला जाऊन बिलगतं, आणि मग राखणीला बसलेल्या पेशींना वाटतं की विषाणूच घुसला. की उठलेच सगळे काठ्या घेऊन. चोर कुणी नाहीच. मारामारी मात्र खरी. "ती चाललीय इथं," म्हणून तू खांद्यावर बोट ठेवलंस, "आणि निमित्त तुझी शिवण."

त्या दिवशी मी टेप घेतली आणि तुझ्या अंगाचं माप घेतलं. दंड, काख, कोपर, मनगट. चट्ट्यांवरून टेप फिरवताना माझी बोटं लागत होती. माप संपल्यावर म्हणालीस, "दवाखाना सोडून कुणी हात लावला त्याला किती वर्षं झाली असतील ग?" मी म्हटलं, "बस की आता, छाती मोजायचीय, श्वास रोखू नको." तुला काय वाटत होतं ते मला कळलं होतं अक्का. पण मी त्यावर बोलले असते तर दोघींचंही काम थांबलं असतं.

तिथून तुझी ती खुर्ची ठरली. कॉलेज सुटलं की यायचीस, आणि मी काजं करता करता ऐकायचे. तुझा सगळा अभ्यासच या पेप्टाइडांवर. आधी अभ्यास केला आणि मग तेच अंगावर उठलं, म्हणून तू स्वतःचीच थट्टा करायचीस. डोळ्यांतल्या पाण्यात असतंय, थुंकीत असतंय, आईच्या दुधात असतंय. घामातसुद्धा एक असतंय म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, "मग सोलापुरात कुणी आजारीच पडायला नको की!" तू इतकी हसलीस की शेजारची मुलं दारात गोळा झाली.

एकदा तू कॉलेजातनं कापूस गुंडाळलेल्या काड्या घेऊन आलीस. एक तुझ्या चट्ट्यावर फिरवलीस, एक माझ्या कोपराच्या खळगीत, आणि नळ्यांत घालून घेऊन गेलीस. दोन-तीन दिवसांनी मला प्रयोगशाळेत बोलावलंस. टेबलावर झाकणाच्या दोन काचेच्या ताटल्या. माझ्या ताटलीत जंतूंचे पिवळे ठिपके नुसते गच्च. तुझ्या ताटलीत इथं एक, तिथं एक. "तुझी फौज रजेवर हाय," तू माझ्याच बोलीत म्हणालीस, "आणि माझी फौज घरातच गोळीबार करतीय." मग लगेच मास्तरीण झालीस. एका ताटलीवरून काही सिद्ध होत नाही, पण दवाखान्यात दिसतं ते असंच दिसतं. इसबाच्या कातडीत ही हत्यारं कमी पडतात, म्हणून खाजवलं की पू धरतो. सोरायसिसमध्ये ती उदंड, म्हणून एवढी फुटलेली कातडी असूनही जंतू सहसा माजत नाहीत.

मला तो दिवस फार लागला अक्का, चांगल्या अर्थानं. लहानपणापासून मला सांगितलं होतं की मी अस्वच्छ आहे. आई चुलीपाशी येऊ देत नव्हती. सासूनं तर देवाला नवस बोलून कंबरेला दोरा बांधला होता. आणि तू एका ताटलीकडं बोट दाखवून सांगितलंस की माझी चूक नाही, माझ्या कातडीजवळ सामान कमी आहे, एवढंच. घरी येऊन मी रडले. तुला सांगितलं नाही. आता सांगते.

भांडणं मात्र आपली कधी मिटली नाहीत. मी विचारायचे, "ही तुझी पेप्टाइडं चांगली का वाईट, ते एका शब्दात सांग." तू म्हणायचीस, "एका शब्दात नाही सांगता येत. किती आहेत, कुठं आहेत, कुणाच्या संगतीत आहेत, त्यावर आहे." मी म्हणायचे, घरच्याच माणसांवर धावून जातात ती वाईटच. तू म्हणायचीस, "ती नसती तर धावून जायला घर तरी उरलं असतं का?" मग मी कात्री आपटायचे. हल्लीच्या जंतूंना गोळ्या लागू पडत नाहीत, म्हणून याच पेप्टाइडांचं औषध करायला जगात माणसं झटतायत, हे सांगताना तुझे डोळे चमकायचे. साखरेच्या आजारातल्या जखमा, ज्या महिनोन् महिने भरत नाहीत, त्यांवर लावता येईल असं काहीतरी. मी विचारलं, मग बाजारात का नाही? तर म्हणालीस, अंगात गेली की लवकर तुटतात, करायला महाग पडतात आणि जास्त झाली तर आपल्याच पेशींना भोकं पाडतात. मी म्हटलं, बघ, आलीस का माझ्या बोलण्यावर.

आणि ते उन्हाचं भांडण! ऊन लागलं की कातडीत जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्यानं हे कॅथेलिसिडिन वाढतं, असं तूच शिकवलंस. आणि डॉक्टर तर तुला चट्ट्यांना ऊन दे म्हणून सांगत होते. मी लगेच पकडलं, "जे जास्त झालंय म्हणून तुझं हे झालं, ते वाढवून तुझं बरं कसं होतंय?" मग म्हणालीस, "ऊन बाकीची भांडणं थंड करतं म्हणतात. पण पूर्ण कुणालाच कळलेलं नाही, सुले. मलाही नाही." एवढी शिकलेली बाई 'मला कळलेलं नाही' म्हणते याचं मला नवल वाटलं. त्यावर नीट वाचून सांगते म्हणाली होतीस. ते राहिलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र मी विसरणार नाही. तुमच्याच गल्लीतलं घर. मला बोलावणं नव्हतं, मला कशाला असेल. तू मात्र नटून गेलीस आणि थोड्याच वेळात माझ्या दारात आलीस. हातात वाणाची स्टीलची वाटी, हळदकुंकवाची पुडी आणि चेहरा असा की मी मशीन थांबवलं. यजमानीण सगळ्यांना बोटानं कुंकू लावत आली, आणि तुझ्यापाशी आल्यावर तिनं ताटच पुढं केलं. "तुमीच लावून घ्या की अक्का." तू लावून घेतलंस, सगळ्यांदेखत, हसून. माझ्या खोलीत आल्यावर हसू संपलं होतं. तू पुडी सोडलीस, चिमूटभर हळद घेतलीस आणि माझा हात ओढलास.

"अक्का, मला चालत न्हाय," मी हात मागं घेतला.

"मला तरी कुठं चालतं?"

आणि तू माझ्या दोन्ही हातांना हळद लावलीस. मग मी तुझ्या हातांना लावली, चट्ट्यांवरसुद्धा. खोलीचं दार उघडं होतं. जाणारी येणारी बघत होती. नवरा गेल्यापासून मला कुणी हळद लावली नव्हती. त्याबद्दल तुला मी कधी दोन शब्दही बोलले नाही. बोलायला हवं होतं असंही नाही. पण आज बोलावंसं वाटतंय.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात तू दार ढकलून आलीस आणि म्हणालीस, "काप." वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, मॅडम, तुम्हाला उकडत नाही का? तू खरं ते सांगितलंस, बाही वर करून दाखवलीस, आणि त्याच तासाला फळ्यावर सगळी भानगड काढून शिकवलीस. कुणी पळालं नाही. "काप सुले. आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, अंगावर कात्री चालवत न्हाईत, काढून दे. मग तू तुझ्या नवऱ्याच्या, दाजींच्या कारखान्यातला टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसलीस, आणि मी कोपराच्या वर खूण करून दोन्ही बाह्या उडवल्या. कापलेल्या बाह्या तू उचलून बघितल्यास. "एवढ्यात इतकी वर्षं घातली," म्हणालीस.

मग तू सोलापूरभर उघड्या हातांनी हिंडलीस. भाजीवाली बघतेय, बघू दे. एसटीत शेजारची बाई सरकतेय, सरकू दे. कुणी विचारलंच की हे हाताला काय झालंय, तर तुझं ठरलेलं उत्तर. "बसा, सांगते." निम्मी माणसं तिथंच घाबरून पळायची. पण बार्शीच्या एसटीत ती करकंबची बाई बसली. तू तिला पेप्टाइड, जंतू, राखण, सगळं समजावलंस, आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही म्हणून तिचा हात धरून स्वतःच्या कोपरावर ठेवलास. ती उतरताना म्हणाली, "माज्या सुनंला असलंच हाय. आमी तिचं ताट येगळं केलंय. आजपास्नं न्हाय करणार." त्या दिवशी तुला पगार वाढल्यासारखा आनंद झाला होता.

फक्त एका जागी तू हरलीस. दर दिवाळीला, नवं कापड मशीनवर चढलं की विचारायचीस, "तू कधी कापणार?" माझ्या बाह्या मनगटापर्यंतच. मी म्हणायचे, मी कापडाला हात लावते, गिऱ्हाईक माझे हात बघून पळून जाईल, माझं पोट त्यावर आहे. तू म्हणायचीस, तुझे हात बघूनच यायला पाहिजेत लोक, तुझ्यासारखं काजं कोण करतंय? मी विषय बदलायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "तुझा पगार सरकारी हाय अक्का, तुला सोपं हाय." मग म्हणालीस, "खरं आहे. तुझ्या वेळेला तू काप. मी असेन बघायला."

नाहीस की बघायला. खोटारडी.

आणि हेही सांगते, कारण हा राग कुणाला तरी सांगायला पाहिजे. डॉक्टरनं तुला सांगितलं होतं की ही आग कातडीपुरती राहत नाही, काळजापर्यंत जाते, काळीज तपासून घेत चला. तूच मला हे सांगितलंस, जसं काही तिसऱ्याच बाईबद्दल बोलत होतीस. तुझ्या घरातल्यांनी, गल्लीनं, दुनियेनं इतकी वर्षं तुझी कातडी न्याहाळली. कुठं पसरली, कुठं कमी झाली, काय खाल्लं म्हणून वाढली. छातीकडं कुणी बघितलं नाही. तूसुद्धा नाही. परीक्षा संपल्या की जाते म्हणालीस. परीक्षा संपल्या. सकाळी चहा ठेवलास आणि ओट्यापाशीच खाली बसलीस, ती उठली नाहीस.

मी पोचले तेव्हा अंघोळ घालायची चालली होती. घालायची म्हणजे काय, दोघीतिघी लांबून तांब्यानं पाणी ओतत होत्या. हात लावायला कुणी पुढं होत नव्हतं. तुझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात तुझा तो जुना, पूर्ण बाह्यांचा तांबडा रेशमी ब्लाऊज होता. मी ओळखला. मीच शिवलेला. मी माझी पिशवी उघडली आणि हिरवा ब्लाऊज काढला. बार्शीच्या लग्नाला घालायचा म्हणून तू शिवायला टाकलेला, कोपराच्या वर बाह्यांचा. हुका लावून तयार होता, फक्त तू न्यायची राहिली होतीस. निरोप आला तशी तोच पिशवीत टाकून निघाले होते.

"हा घाला," मी म्हटलं.

जाऊबाई म्हणाल्या, "सुलोचना, चार मानसं येनार हायती. झाकून जाऊ दे की तिला. शेवटची येळ हाय."

"शेवटची येळ हाय म्हनूनच. तिनं सांगितलं हुतं, मला झाकू नका."

"तू बाजूला हो जरा. सवाष्णीचं हाय हे. तुला हात लावता यायचा न्हाय."

मागून कुणीतरी पुटपुटलं, रोग लागंल. तेव्हा मी फिरले. "जित्तेपणी इतकी वर्षं लागला न्हाय, आन् आता मेल्यावर लागतो व्हय? ह्या बघा, ह्याच हातानं मी तिचं माप घेतलंय. कुटं लागलाय दावा." हात पुढं केला आणि माझं मलाच कळलं की बाही मनगटापर्यंत आहे. दाखवायला काहीच दिसत नव्हतं. तो क्षण तुझ्यापासून लपवणार नाही मी. कुणी हसलं नाही, पण तू हसली असतीस.

दारातून दाजी म्हणाले, "घालू दे तिला." एवढंच. मी बसले. तुला अंघोळ घातली, चोळून घातली, चट्ट्यांवरून, पापुद्र्यांवरून. आखडलेल्या अंगात ब्लाऊज जात नाही, तो मागून कापून घालावा लागतो. माझ्याच टिपा होत्या, चांगल्या पक्क्या. पाठ मधोमध कापली, पुढून चढवला आणि कडा खाली सारल्या. काखेत कुठं आवळला नाही ना ते बघितलं. बघितलंच अक्का. सवय.

मग हळद. ताट ठेवलं होतं, बायका पायांनाच लावत होत्या. मी मूठभर घेतली आणि तुझ्या दोन्ही हातांना लावली, खांद्यापासून बोटांपर्यंत. रांगेतल्या बायका बघत राहिल्या. एक म्हातारी तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, शिवी असेल नाहीतर आशीर्वाद. मी हात आवरता घेतला नाही. तू हिरवा ब्लाऊज घालून, पिवळ्या हातांनी, उघड्यावर गेलीस. सगळ्या गल्लीनं बघितलं.

काल दहाव्यानंतर जाऊबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, हातात गाठोडं. तुझे सगळे जुने पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज. "जाळायला जीव हुईना. चांगले हायती. पर घालनार कोन?" मी त्यांना तुझ्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वाईट नव्हतं ग मनात. भ्या वाटायचं."

मी म्हटलं, "अक्काबी हेच म्हनायची. अंगातल्या राखणदारांना भ्या वाटतं, म्हनून ती घरच्याच मानसावर उठत्यात." त्या पदरानं डोळे पुसून गेल्या. मी त्यांना माफ केलं असं समजू नकोस. चहा दिला, एवढंच.

आज सकाळी गाठोडं सोडलं. वरच तो तांबडा रेशमी होता. कोपराच्या वर खडूनं खूण केली आणि कापला. मग माझ्या अंगातला काढून ठेवला आणि तो घातला. काखेत ढिला आहे, तू भरली होतीस. बाह्या संपतात तिथून खाली माझे हात आहेत, खळग्यांत लाल, मनगटावर सुकलेल्या खपल्या, आणि नखांच्या कडांना अजून तुझ्या हळदीचा पिवळा रंग. दार सताड उघडं ठेवलं आणि मशीनवर बसले. ऊन आत येत होतं. लागू दे म्हटलं, वाढू दे काय वाढायचंय ते. माझ्याकडं नाहीतरी कमीच आहे.

पहिलं गिऱ्हाईक आलं. नवीन बाई, हातात ब्लाऊजपीस. पिशवी पुढं करता करता तिची नजर माझ्या हातांवर गेली आणि पिशवी अर्ध्यातच थांबली. "अगं बया, हे काय झालंय हाताला?"

अक्का, गेलं गिऱ्हाईक म्हटलं. मग तुझी खुर्ची पायानं तिच्याकडं सरकवली.

"बसा, सांगते."

ती बसली.